सोळा आठवड्यांचं व्रत, एकवीस किलोमीटरचं उद्यापन

नऊवारी लुगडं म्हटलं की डोळ्यांसमोर काय उभं राहतं? मंगळागौर, लग्नघरातली लगबग, नाहीतर आजीचा मऊ पदर. आमच्या गोंडपिपरीकडे आणखी एक चित्र उभं राहतं. पावसाळ्यात धानाच्या बांधीत पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभ्या राहून, ओचा-पदर खोचून दिवसभर रोवणी करणाऱ्या बायांचं. पण नऊवारी नेसून बेचाळीस किलोमीटर धावणारी बाई कधी डोळ्यांसमोर येते का? नाही ना? मग मैत्रिणींनो, आज तिची ओळख करून घेऊ. आणि जमलं तर तिच्या निम्म्या वाटेपर्यंत आपणही जाऊन पाहू.

१६ सप्टेंबर २०१८. जर्मनीतल्या बर्लिन शहराची मॅरेथॉन. केनियाच्या एलिउड किपचोगेनं त्या दिवशी २ तास १ मिनिट ३९ सेकंदांत शर्यत संपवून जागतिक विक्रम केला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचं छायाचित्र छापलं. त्याच रस्त्यावरून त्याच दिवशी मुंबईच्या क्रांती साळवी धावत होत्या, चक्क नऊवारी नेसून! त्यांनी ते ४२.१९५ किलोमीटर ३ तास ५७ मिनिटं ७ सेकंदांत पार केले. साडी नेसून सर्वांत कमी वेळात मॅरेथॉन धावणारी स्त्री म्हणून त्यांच्या नावाची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच्या आदल्याच वर्षी हैदराबादच्या मॅरेथॉनमध्ये जयंती संपतकुमार साडी नेसून धावल्या होत्या. हातमागाच्या कापडाचा प्रचार व्हावा, हा त्यांचा हेतू. त्यांनी ती शर्यत पाच तासांच्या आत पुरी केली होती.

आता गंमत बघा. क्रांतीताईंची छायाचित्रं निघाली ती लुगड्यामुळे. पण नोंद झाली ती घड्याळामुळे! त्या वेळाचा हिशेब केला तर दर किलोमीटरला सरासरी पाच मिनिटं सदतीस सेकंद पडतात. म्हणजे गॅसवर दूध ठेवून ते वर येईपर्यंत बाई एक किलोमीटर पुढे गेलेली! आणि असं एकदा नाही, लागोपाठ बेचाळीस वेळा.

निमित्त वेगळं, नेम वेगळा

हल्ली शहराशहरांतून अशा दौडी होतात आणि प्रत्येकीला काही ना काही निमित्त असतं. मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी २०१२ साली मुंबईत 'पिंकेथॉन' सुरू केली, ती फक्त बायकांसाठी. स्तनाच्या कर्करोगाबद्दल बायकांनी मोकळेपणानं बोलावं, वेळीच तपासणी करून घ्यावी, हे तिचं निमित्त. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून परत यायचं. तिथलं निमित्त म्हणजे तो डोंगरच! आमच्या शेजारच्या गडचिरोलीत पोलीस दलानं अलीकडच्या काही वर्षांत महामॅरेथॉन भरवल्या. त्यांत तीन, पाच, दहा किलोमीटरच्या दौडी होत्या, तशीच एकवीस किलोमीटरचीही होती. कुठे साडी हे निमित्त, कुठे झाडं लावणं, कुठे मतदान.

निमित्त हवंच. आपल्याकडे बाई निमित्ताशिवाय घराबाहेर पडते कुठे? हळदीकुंकू, भिशी, देवदर्शन, मुलाच्या शाळेतली पालकसभा. नुसतं 'मला जावंसं वाटलं म्हणून' असं सांगून निघालेली बाई शोधूनही सापडायची नाही. म्हणून अशा दौडीचं निमित्त आपल्या फार उपयोगी पडतं. ते दाराची कडी काढून देतं.

पण निमित्त सगळ्यांचं असतं. नेम मात्र एकटीचा असतो. 'मी तीन तासांच्या आत पोहोचेन', हा झाला नेम. तो कुणाला सांगितला नाही तरी चालतो. त्यात शेजारीण हरत नाही, जाऊ जिंकत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींची शेवटची परीक्षा कॉलेजात झाली. त्यानंतर स्वयंपाकाला 'बरा झालाय', रांगोळीला 'छान', आणि मुलाच्या मार्कांना 'आईनं लक्ष दिलं म्हणून'. आपलं स्वतःचं म्हणावं असं मोजमाप कुठे उरलं? घड्याळ ते देतं. मागच्या महिन्यात पाच किलोमीटरला पन्नास मिनिटं लागत होती, या महिन्यात सेहेचाळीस लागली. ही चार मिनिटं कुणी दिलेली नसतात आणि कुणाला काढूनही घेता येत नाहीत.

'बायकांना झेपणार नाही'

हे वाक्य आपल्या आजीच्या काळातलं, आणि ते एकट्या आपल्या देशातलं नाही बरं का! १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीनंतर काही जणी दमलेल्या दिसल्या. झालं! बायकांच्या शरीराला हे सोसत नाही, असा गवगवा झाला आणि ती शर्यत बंद पडली. ती परत यायला १९६० साल उजाडलं. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरीन स्विट्झर या तरुणीनं नुसती आद्याक्षरं लिहून नाव नोंदवलं. ती धावत असताना आयोजकांपैकी एकानं मध्येच येऊन तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तरीही तिनं शर्यत पुरी केली. तिथे बायकांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ साली. आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या पी. टी. उषाचं पदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं होतं. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या कितीतरी जणींना ते आठवत असेल. घड्याळाचा एवढासा तुकडा काय करू शकतो, ते तेव्हा साऱ्या देशाला कळलं.

आपल्या महाराष्ट्राच्या लेकी तर पुढे कुठच्या कुठे गेल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, आदिवासी पाड्यावरची मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचं सुवर्ण. लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणू लागले.

आणि बारामतीजवळच्या लताबाई करे! मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या. नवरा आजारी पडला, तपासणीला पैसे नव्हते. म्हणून त्या बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण एक विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी बाई धावली तर सारं गाव टाळ्या वाजवतं. स्वतःसाठी धावली तर? बाईनं धावायला घरावर संकटच यायला हवं का?

'घरकामात होतो की व्यायाम!'

हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि बऱ्याच जणींनी म्हटलंयही. घरकामानं बाई दमते, यात शंका नाही. पण दमणं वेगळं आणि दम वाढणं वेगळं. धुणी, भांडी, पोळ्या, केरवारे यांत पाठ वाकते, पाय भरून येतात, पण छातीचे ठोके बराच वेळ सलग वाढलेले राहत नाहीत. पाच मिनिटं हे, दहा मिनिटं ते, मध्येच दार वाजतं. हृदयाला आणि फुप्फुसांना सवय लागते ती वीस-तीस मिनिटं न थांबता झालेल्या हालचालीची. म्हणून दिवसभर राबणाऱ्या बाईलाही जिना चढताना धाप लागते.

उलट एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. लांब पल्ल्याच्या धावण्याला लागते ती ताकद कमी आणि काटकसर जास्त. महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात उडवून टाकणारा माणूस शेवटच्या आठवड्यात उसनवारी करतो. तसंच जो पहिले पाच किलोमीटर जोरात पळतो, तो पंधराव्यानंतर रस्त्याच्या कडेला बसतो. सिलिंडर महिनाभर पुरवायचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. तेच इथे लावायचं.

वाघाच्या मुलखात

आता आमच्या भागाचं सांगते. गोंडपिपरीच्या आसपास जंगल आहे आणि जंगलात वाघ आहे. शहरातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'पहाटे पाचला उठून मोकळ्या रस्त्यावर धावायला जा.' आमच्याकडे ते करू नका! वाघ-बिबट्याची फिरण्याची वेळ तीच, पहाटेची आणि तिन्हीसांजेची. आमच्या जिल्ह्यातल्या बाया उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला भल्या पहाटे जंगलात जातात. हौस म्हणून नाही, पोटासाठी. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानांसाठी गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. हे माहीत असताना जंगलाच्या रस्त्यावर अंधारात एकटीनं धावायला जाणं हे धाडस नव्हे.

इथली एखादी म्हातारी धावणाऱ्या बाईला हमखास विचारेल, "काहून धावतेस वं बाई, मागं वाघ लागला का?" तिला हसून उत्तर द्यावं, पण तिचं म्हणणं लक्षातही ठेवावं.

तेव्हा आमच्यासारख्या गावांत धावायचं ते चांगलं उजाडल्यावर, वस्तीत, चौघीजणी मिळून. सगळ्यांत उत्तम जागा म्हणजे शाळेचं मैदान. एक फेरी पावलांनी किंवा दोरीनं मोजून घ्या. ४०० मीटरची फेरी असेल तर अर्धमॅरेथॉनचे २१ किलोमीटर आणि वरचे ९७ मीटर मिळून बावन्न फेऱ्या आणि पाऊण फेरी होते. लहान मैदान असेल, २०० मीटरचं, तर एकशेपाच फेऱ्यांच्या किंचित वर. कंटाळवाणं वाटेल, पण एकशेआठ मण्यांची माळ आपण ओढतोच की!

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हाळ्यात आमच्याकडे लांब धावण्याचं नावच काढू नये. आमचा हंगाम दसऱ्यापासून पुढचा.

सोळा आठवड्यांचा नेम

दसरा ते रथसप्तमी मोजून पाहा, साधारण सोळा आठवडे भरतात. सोळा सोमवार आठवले ना? तसंच समजा. आधी एक काम मात्र न चुकता करा. सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आलं. अंगात रक्त नाही आणि धावायला निघालो, म्हणजे रिकाम्या टाकीवर मोटार चालवणं. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब पल्ल्याच्या फंदात पडू नये. वाहक असाल तरी पाणी भरपूर प्यायचं आणि उन्हात जोर करायचा नाही. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, नुकतंच झालेलं बाळंतपण असेल, तर त्यांनीही आधी सल्ला घ्यावा.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास. एक मिनिट हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं. रविवारी नुसतं लांब चालायचं, पाच किलोमीटरपासून सातपर्यंत.

पाचवा ते आठवा: दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. रविवारचा पल्ला आठपासून अकरापर्यंत.

नववा ते तेरावा: चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. रविवार बारापासून सतरापर्यंत. मध्ये एक रविवार मुद्दाम कमी ठेवायचा. शरीर विश्रांतीतच भक्कम होतं.

चौदाव्या आठवड्यात एकदा अठरा किलोमीटर. पंधराव्यात बारा. सोळाव्यात अगदी हलकं, आणि शेवटी उद्यापन!

पूर्ण एकवीस किलोमीटर आधी धावून पाहायची गरज नाही. अठरा जमले की उरलेले तीन त्या दिवसाचा उत्साह ओढून नेतो. आणि मध्ये चालण्यात कमीपणा मानू नका. ठरवून चालणं आणि दमून थांबणं यांत फार अंतर आहे. वेग बरोबर आहे की नाही, याची खूण सोपी. शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा!

वेळ कशी ठरवायची?

दुसरी तीन तासांत गेली म्हणून आपणही तीन तास, असं नको. दहाव्या आठवड्यात मैदानावर दहा किलोमीटरचा वेळ मोजा आणि त्याला सव्वादोननं गुणा. ऐंशी मिनिटं लागली तर बरोबर १८० मिनिटं, म्हणजे तीन तास. नव्वद लागली तर सुमारे तीन तास बावीस मिनिटं. हा तुमचा प्रामाणिक अंदाज. त्यातून पाच मिनिटं कमी करायची, हा तुमचा नेम.

समजा, नेम तीन तासांचा आहे. दर किलोमीटरला साडेआठ मिनिटं धरा. पाच किलोमीटरला ४२ मिनिटं ३० सेकंद, दहाला १ तास २५ मिनिटं, पंधराला २ तास ७ मिनिटं ३० सेकंद, विसाला २ तास ५० मिनिटं. शेवटाला चाळीस सेकंद शिल्लक! हे आकडे बॉलपेननं मनगटावर लिहून ठेवा. बांगड्या एक दिवस कमी घातल्या तर काही बिघडत नाही.

पहिल्या तीन किलोमीटरांत सगळे आपल्याला मागे टाकून जातील. जाऊ द्या. ढोल-ताशे वाजत असतात, पाय आपोआप उचलले जातात, तिथेच मन आवरायचं. भात मंद आचेवर ठेवावा तसा वेग ठेवायचा. पंधराव्या किलोमीटरनंतर तीच मंडळी एकेक करून मागे पडू लागतात. तिथून पुढे जेवढं अंगात असेल तेवढं काढायचं.

चार घरगुती सूचना

रोजच्या जेवणात पालेभाजी, डाळ, तीळ-गूळ असू द्या आणि ताटात लिंबाची फोड. त्यानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो त्याच्या उलट काम करतो.

आदल्या रात्री साधा वरणभात. तिखट रस्सा, झणझणीत तर्री पुढच्या दिवसासाठी राखून ठेवा. शर्यतीच्या दोन तास आधी केळं किंवा थोडीशी उकडपेंडी, जे आपल्या पोटाला सरावाचं असेल ते. वाटेत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायचं. नवा पदार्थ, नवे बूट, नवे मोजे, यांतलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही.

बूट अर्ध्या बोटाचे मोठे घ्यावेत, धावताना पाय पसरतात. आतले कपडे घट्ट बसणारे आणि सुती-जाड शिवणीचे नसलेले हवेत. काखेत, मांड्यांना खोबरेल तेल लावलं की घासून लाल होत नाही. मंगळसूत्र उडून मानेला काचतं, ते आत घालून कपड्याला पिन करावं.

साडी नेसूनच धावायचं असेल तर काष्ट्याची, हलकी सुती, घोट्याच्या वर नेसावी आणि निदान चार-पाच वेळा तीच नेसून सराव करावा. पावलाबरोबर कापड अडतं कुठे, हे तेव्हाच कळतं. पाळी आली म्हणून सराव बंद करायचं कारण नाही. बरं वाटत असेल तर हलकं धावावं, नसेल तर विसावा घ्यावा.

खरी अडचण

बूट मिळतील, मैदान मिळेल. मिळत नाही तो तास. सकाळी डबे, शाळेची रिक्षा, नळाचं पाणी, आणि संध्याकाळी पुन्हा चूल. सासूबाई म्हणतील, "सूनबाई, हे काय नवीन काढलंस?" नवरा म्हणेल, "जा की, मी कुठे नाही म्हणतोय?" आणि तेवढं बोलून पेपर उघडेल! 'नाही म्हणत नाही' आणि 'मुलांचा डबा मी भरतो' या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे, ते एकवीस किलोमीटरपेक्षा मोठं आहे.

म्हणून परवानगी मागू नका, हिशेब मांडा. आठवड्याला सरासरी चार तास, सोळा आठवड्यांचे चौसष्ट. म्हणजे सबंध वर्षातले पावणेतीन दिवससुद्धा नाहीत. घरातल्या प्रत्येकानं आठवड्यात एकेक काम उचललं की हे चार तास सहज निघतात. मोठ्या मुलाला भाजी चिरता आली पाहिजे, नवऱ्याला कुकर लावता आला पाहिजे. चार दिवस वरण पातळ होईल, भात करपेल. होऊ द्या. आपणही पहिल्याच दिवशी शिकून आलो नव्हतो. आणि सासूबाईंना घरी ठेवू नका, मैदानावर घेऊन या. बाकावर बसून फेऱ्या मोजायला विश्वासू माणूस लागतंच. महिन्याभरात त्याच विचारतील, "आज दोन मिनिटं जास्त का लागली गं?"

रथसप्तमीपर्यंत संक्रांतीची हळदीकुंकवं चालतात. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आपण पुष्कळ लुटले. एखाद्या वर्षी गावातल्या दहा-वीस जणींनी मिळून शाळेच्या मैदानावर दौडच ठेवली तर? नाव काहीही द्या, साडीची दौड, हळदीकुंकवाची दौड. कुणी तीन फेऱ्या माराव्यात, कुणी तीस, कुणी पुऱ्या बावन्न. एकीनं घड्याळ धरावं, एकीनं पाणी द्यावं.

घरी आल्यावर दुधाच्या हिशेबाची वही काढा. त्यात तारखेपुढे लिटर लिहितो तसा आपला वेळ लिहा, तास, मिनिटं, सेकंद. पुढच्या दसऱ्याला वही पुन्हा उघडायची आहे.